तीन दिवस आवाज येत होता : मराठवाड्यातल्या उद्योजक संघटनांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष व पदाधिकारी, चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड अॅग्रिकल्चर, तसेच लघुउद्योजकांची संघटना मसिआ;
आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना इथल्या लहानमोठ्या कारखान्यांचे मालक, मॅनेजर आणि एचआरची मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी वाळूजला सीएनसी सेटर आहे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीन कामासाठी लावून देणारा. बावीस वर्षं झाली. गाव गेवराई तालुक्यातलं, राहायला बजाजनगर. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि माझंही लिहीत नाही. का लिहीत नाही, ते पुढे कळेलच.

मागे एका कार्यक्रमात मला पाठीमागच्या रांगेत बसायला मिळालं होतं. व्यासपीठावरचे एक उद्योजक म्हणाले, "जमीन आहे, वीज आहे, समृद्धी झाला. फक्त माणसं नाहीत. इथल्या पोरांना कामाची सवयच नाही हो!" टाळ्या पडल्या. हे वाक्य मी पुण्याहून बदलून आलेल्या साहेबांकडून ऐकलंय, एचआरच्या मॅडमकडून ऐकलंय, आणि टपरीवर चहा पिताना लेबर कंत्राटदाराकडूनही ऐकलंय. पूर्वी राग यायचा. हल्ली वाटतं, एकदा बसून हिशेब करावा.

माझे आईवडील मिळून एक कोयता होते. तुमच्यापैकी काहींना हे सांगावं लागेल : ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला सहा-सहा महिने घर सोडायचं. पाचटाच्या कोपीत राहायचं, अंधारात फडात शिरायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. बीड जिल्ह्यात असं घर शोधावं लागत नाही. त्या घरातला पोरगा आयटीआय करून तुमच्या गेटातून आत येतो. कामाची सवय तो घरूनच घेऊन आलेला असतो. मग आत आल्यावर दोन-तीन वर्षांत ती जाते कुठं? मला जे दिसलं ते सांगतो. पहिलं उदाहरण माझंच आहे, आणि त्यात मी काही फार चांगला दिसत नाही.

आमच्या लाइनवर एका पार्टचा बोअर, म्हणजे आतलं भोक, टर्न होतो. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वीस मायक्रॉन. सोमवारी पहिल्या शिफ्टला नेहमी घोळ व्हायचा. रविवारी मशीन बंद, त्यामुळे सकाळचे पहिले पंधरा-वीस पीस मापाबाहेर. ऑपरेटर ऑफसेट द्यायचा, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती सांगायचा. तासाभरात मशीन तापली की माप उलट्या बाजूला सरकायचं. पुन्हा ऑफसेट. चहापर्यंत दोन ट्रे रीवर्कला पडलेले. सगळे म्हणायचे, सोमवारचा माल असाच येतो. मी सहा सोमवार डायरीच्या मागच्या पानावर मापं लिहून काढली आणि मग एका सोमवारी अर्धा तास आधी येऊन स्पिंडल, म्हणजे मशीनचा मुख्य फिरता दांडा, वीस मिनिटं रिकामा फिरवला. त्या दिवशी एकही पीस गेला नाही. यात शोध कसला नाही, जुन्या सेटरला हे माहीत असतं. पण आमच्याकडे कुणी करत नव्हतं. मी कागदावर चार ओळी लिहिल्या, मापांचा तक्ता जोडला आणि शिफ्ट इन्चार्जला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॉडक्शन बोर्डासमोर दहा मिनिटांची उभ्याची मीटिंग होती. इन्चार्जने माझा कागद दोन बोटांत धरून वर केला आणि वाचला, "मशीन अगोदर गरम करावी." मग आमच्याकडे बघून म्हणाले, "आता मशीनला चहा पण पाजायचा का?" वीस-पंचवीस माणसं हसली.

मीही हसलो. आजही ते आठवलं की इन्चार्जपेक्षा माझाच राग जास्त येतो.

दोन महिन्यांनी काइझेनच्या, म्हणजे कामातल्या सुधारणांच्या, बोर्डावर तोच तक्ता लागला. छापील, रंगीत, आलेखासकट. खाली इन्चार्जचं नाव. खंडेनवमीला मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि प्लांट हेडच्या हस्ते त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी तिसऱ्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होतो. हातात पेढा होता, त्यामुळे टाळी नीट वाजत नव्हती.

यानंतर मी काम कमी केलं का? एक पीससुद्धा नाही. माझा आउटपुट काढून बघा, आधी होता तेवढाच. हजेरी तीच, ओव्हरटाइमला नाही म्हटलं नाही. फरक तुमच्या कुठल्याच शीटमध्ये दिसणार नाही, म्हणून तर हे पत्र.

तीन-चार महिन्यांनी, सेकंड शिफ्टला, शेजारच्या मशीनमधून बारीक हुंकारल्यासारखा आवाज यायला लागला. आरपीएम वाढले की यायचा, कमी केले की जायचा. बावीस वर्षं कान तयार झालेत. स्पिंडलचं बेअरिंग खराब होत चाललंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पूर्वीचा मी असतो तर हातातलं सोडून मेंटेनन्सच्या पोराला ओढत आणलं असतं. त्या दिवशी मी तासाची शीट भरली, हात धुतले आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. मनात एकच वाक्य होतं : मशीनला चहा पाजायचा का?

तिसऱ्या रात्री स्पिंडल जाम झाला. मशीन नऊ दिवस बंद. माल वेळेत गेला नाही, ग्राहकाने डेबिट नोट पाठवली, विमानाने पार्ट मागवावा लागला. चौकशी झाली, 'फाइव्ह व्हाय' भरलं, म्हणजे पाच वेळा 'का?' विचारून मूळ कारण शोधायचा फॉर्म. पाचव्या 'का?'च्या उत्तरात लिहिलं होतं की प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची तारीख पुढे ढकलली गेली. तेही खरंच होतं. एका माणसाला तीन दिवस आधीपासून माहीत होतं, हे लिहायला त्या फॉर्मात रकानाच नाही.

मी हे अभिमानाने सांगत नाही. त्या मशीनवरचा ऑपरेटर माझ्याच गल्लीत राहतो आणि त्याचा त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह बुडाला. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

आता त्या इन्चार्जविषयी. तो खलनायक असता तर प्रकरण सोपं होतं. माझ्या मुलाला डेंग्यू झाला, घाटी रुग्णालयात भरती केलं, तेव्हा याच माणसाने रात्री अकराला फोन उचलून चार दिवसांची रजा टाकली आणि खिशात पाच हजार कोंबले. परत मागितले नाहीत, मीच दिले. पुढच्याच आठवड्यात ऑडिटला आलेल्या ग्राहकासमोर म्हणाला, "हे आमचे सेटर, यांना फार विचारू नका, गोंधळतात." या माणसाचा धड राग धरता येत नाही आणि भरवसाही ठेवता येत नाही. रोज सकाळी गेटातून आत शिरताना पहिला विचार हाच, की आज साहेबांचा मूड कोणता.

माझी मुलगी विद्यापीठात मानसशास्त्रात एम.ए. करते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, बाबा, यावर अभ्यास झालाय. मिशेल डफी, डॅनियल गँस्टर आणि मिलान पागोन या तिघांनी स्लोव्हेनिया देशातल्या पोलिसांवर केलेला अभ्यास २००२ साली छापून आला. वरिष्ठ हाताखालच्या माणसाचं खच्चीकरण करतात तेव्हा काय होतं, हे त्यांनी तपासलं. माणसाचं कामावरचं मन उडतं, तो नकळत किंवा कळून कामाचं नुकसान करायला लागतो, अंगदुखी-डोकेदुखी मागे लागते. हे कुणालाही सुचेल. मला धक्का बसला तो पुढच्या निष्कर्षाने : जो वरिष्ठ पाय ओढतो आणि तोच आधारही देतो, त्याच्या हाताखाली परिणाम कमी होत नाहीत, उलट आणखी वाईट होतात. मी म्हटलं, म्हणजे पोलीस असो की सेटर, पाच हजारांनी ती जखम भरत नाही. ती म्हणाली, उलट चिघळते.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की याला लाडावणारा सुपरवायझर पाहिजे. मी लागलो तेव्हाचे आमचे फोरमन इतके कडक होते की त्यांच्या बुटांचा आवाज आला की आम्ही खिशातली तंबाखू टाकून द्यायचो. एकदा मी ड्रॉइंगचं जुनं रिव्हिजन घेऊन चाळीस पीस बिघडवले. त्यांनी मला टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, नेलं, दार लावलं आणि माझ्या सात पिढ्या काढल्या. बाहेर आल्यावर मॅनेजरने विचारलं, कुणाची चूक? ते म्हणाले, "माझ्या शिफ्टची." संपला विषय. संध्याकाळी मला रिव्हिजन कसं तपासायचं ते बसवून शिकवलं. फिनिश बघायला ते पार्टवरून नख फिरवायचे आणि डोळे मिटून सांगायचे, टूल थरथरतंय. ते रिटायर झाले त्या दिवशी जोगेश्वरीपासून रांजणगावपर्यंतची पोरं गेटवर आली होती, दुसऱ्या कंपन्यांतलीसुद्धा. बोलणं कडक असलं म्हणून माणूस खचत नाही. चारचौघांत किंमत कमी केली, माहिती दडवली, आपल्या कामावर दुसऱ्याचं नाव घातलं, की खचतो.

आणखी एक पोरगा सांगतो. परतूरकडचा, आयटीआय टर्नर, कंत्राटी. डोकं तल्लख, आणि प्रश्न विचारायची खोड. आपल्याकडे 'का' ऐवजी 'कामून' म्हणतात, हे तुम्हाला माहीतच आहे. हा पोरगा म्हणायचा, "सर, ह्यो इन्सर्ट दोनशे पीसलाच कामून बदलायचा?" प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. त्या इन्सर्टच्या, म्हणजे कापणाऱ्या पात्याच्या, कडा अजून चांगल्या होत्या. आमच्या एका ज्युनियर इंजिनिअरने त्याचं नावच 'कामून' पाडलं. लाइनवर हाक यायची, "ए कामून, ट्रॉली आण." पोरं हसायची. महिन्याभरात त्याने विचारणं बंद केलं. तीन महिन्यांत तोंडातून 'हो सर'शिवाय शब्द निघेना. सहाव्या महिन्यात चाकणला गेला. एचआरच्या फायलीत कारण लिहिलंय : 'घरगुती अडचण'. ते कारण लिहून घेताना समोर तोच ज्युनियर इंजिनिअर बसला होता. तुम्हीच सांगा, पोरगा दुसरं काय लिहिणार होता?

मग आपण म्हणतो, मराठवाड्यातली पोरं टिकत नाहीत.

या सगळ्यात उद्योगाचं काय जातं, तर सांगणारी माणसं गप्प होतात. मुलीने अजून एक गोष्ट सांगितली. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या वेगवेगळ्या वॉर्डांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. अपेक्षा अशी की जिथे टीम चांगली, तिथे चुका कमी. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त! नंतर लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, लोक त्या सांगत होते. बाकीच्या वॉर्डांत दाबल्या जात होत्या. म्हणून माझी विनंती आहे की ज्या शिफ्टच्या रिपोर्टमध्ये काहीच अडचण नसते, तिथे बक्षीस द्यायच्या आधी जरा चक्कर मारून या.

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी करार केला, बिडकीनला मोठा कारखाना येणार म्हणून आपण सगळ्यांनी पेढे वाटले. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाल्यावर वाळूजचं जे झालं, ते आता तिकडे होणार असं म्हणतात. होवो. माझ्याही मुलाला नोकरी लागो. पण टोयोटाच्या पद्धतीत लाइनवर एक दोरी असते, आता बऱ्याच ठिकाणी बटण. काही चुकतंय असं वाटलं की साधा कामगार ती ओढतो, टीम लीडर त्याच्याकडे धावत येतो आणि प्रश्न वेळेत सुटला नाही तर लाइन थांबते. कामगारांकडून सूचना घेण्याची त्यांची पद्धत १९५१ पासूनची आहे. त्यांना माल पुरवायला आपण व्हेंडर म्हणून उभे राहणार, तेव्हा आपल्याकडेही दोऱ्या लटकतील, पोस्टर लागतील. दोरी ओढणाऱ्याला सकाळच्या मीटिंगमध्ये "काय रे, फार शहाणा झालास?" असं एकदा जरी म्हटलं, तरी ती दोरी पुढे कपडे वाळत घालायच्या कामाची.

आता सुपरवायझरची बाजू. ती बाजू न मांडणं अन्याय होईल, कारण मीही एकदा चार महिने 'अॅक्टिंग इन्चार्ज' होतो आणि पळून परत मशीनवर आलो. आपल्याकडे सुपरवायझर कसा होतो? पोरगा हुशार आहे, डिप्लोमा आहे, जुना झालाय, करा इन्चार्ज. शनिवारी तो आमच्यात डबा खातो, सोमवारी आमच्यावर ओरडतो. मधल्या रविवारी त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. ओव्हरटाइम बंद होतो, फोन चोवीस तास चालू होतो. तासातासाला टार्गेट आणि वर रिव्ह्यू मीटिंग. त्या मीटिंगमध्ये मॅनेजर काय म्हणतात ते आम्हाला काचेतून दिसतं, ऐकू यावं लागत नाही.

माझा कागद त्याने हसण्यावारी का नेला, हे मला ती चार महिन्यांची खुर्ची भोगल्यावर कळलं. तो कागद तसाच वर गेला असता तर पहिला प्रश्न आला असता, "सेटरला सुचलं, तुला का नाही सुचलं?" मलाही हाच प्रश्न विचारला गेला होता, एका हेल्परच्या सूचनेवरून. खोटं कशाला बोलू, त्या हेल्परवर मी दोन दिवस उगीच खेकसत होतो. ज्याला वरून रोज तोंडघशी पाडतात, त्याला हाताखालचा हुशार माणूस धोका वाटायला लागतो. गच्चीवरच्या टाकीत जे पाणी असेल तेच खालच्या नळाला येतं.

म्हणून माझं मागणं एकट्या सुपरवायझरला झापा असं नाही. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, अंतर्गत समिती आहे, ते योग्यच आहे. पण कुणी कुणाची उमेद मारली म्हणून तक्रार कोणत्या समितीकडे नेणार? कायद्याची वाट बघत बसण्यापेक्षा तुमच्या हातात जे आहे ते करा.

सगळ्यात आधी सूचनेवर नाव. काइझेनच्या फॉर्मात वरच्या ओळीत, ठळक, 'हे पहिल्यांदा कोणी सांगितलं'. कंत्राटी असेल तर कंत्राटी, पॅकिंगची ताई असेल तर ताई. आणि सूचना नाकारली तर का नाकारली ते दोन ओळी लिहून त्याच्या हातात द्या, बोर्डासमोर वाचून नको. इन्चार्जचं मोल यावरून धरा की त्याच्या हाताखालून किती सूचना आल्या, त्याच्या स्वतःच्या किती हे विचारूच नका. एवढं एक केलं तरी "तुला का नाही सुचलं" हा प्रश्न मरून जाईल. कारण मग हेल्परचं डोकं चाललं तर इन्चार्जचाही फायदा आहे.

नोकरी सोडणाऱ्या पोराला त्याच्याच इन्चार्जसमोर बसवून कारण लिहून घेऊ नका. तो गेल्यावर तीन महिन्यांनी फोन करा. तेव्हा त्याला ना अनुभवाचा दाखला हवा असतो, ना फुल अँड फायनलचा शेवटचा हिशेब अडकलेला असतो, तेव्हा खरं बोलतो. आणि वर्षाच्या शेवटी एक साधी यादी काढा, कोणत्या इन्चार्जच्या हाताखालून किती पोरं सुटली. रिजेक्शनचा आलेख भिंतीवर लावता ना, हाही लावा, हवं तर मॅनेजरच्या केबिनमध्ये.

नव्या सुपरवायझरला माणसं सांभाळायचं शिकवायला हवं. तीस-चाळीस माणसांच्या शेडवाल्याला हे एकट्याने परवडणार नाही, मला कळतं. इथेच संघटना कामाला याव्यात. तुम्ही जीएसटीवर कार्यशाळा घेता, निर्यातीवर घेता. एक शनिवार यासाठी ठेवा. शिकवायला बाहेरून कुणी महागडा वक्ता आणू नका. वाळूजमध्येच रिटायर झालेले दहा-बारा फोरमन आहेत, ज्यांच्यासाठी पोरं गेटवर आली होती. त्यांना बोलवा, चहा पाजा आणि ऐका. आणि त्या दिवशी मॅनेजर लोकांनाही बसवा, पहिल्या रांगेत.

हे पत्र मी नावानिशी का लिहिलं नाही, हे आता वेगळं सांगायला नको. उद्या सकाळी बोर्डासमोर कुणीतरी ते दोन बोटांत धरेल.

गेल्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. दुसऱ्या लाइनवर चक, म्हणजे पार्ट पकडून धरणारा भाग, सैल होत असल्याचं मला आवाजावरून कळलं. या वेळी गेलो आणि सांगितलं. मेंटेनन्सवाल्याने बघितलं, बोल्ट आवळले, दहा मिनिटांचं काम. मशीनवर नवीन पोरगा होता, वीस-एकवीसचा, मंठ्याचा. तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच विचारलं, "काका, तुमचं काय जात होतं? ही तर तुमची मशीन बी नाही." पोरगा रुजू होऊन जेमतेम चार महिने झालेत. त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. एवढंच विचारलं, "तुझा इन्चार्ज कोण रे?"

आपला,
एक सेटर,
वाळूज